ओठ बधिर, दाढ जागी : भुलीचं इंजेक्शन फसतं तेव्हा

दाढवाली (धागाकर्ती)

खुर्चीतला माणूस ओठ चिमटीत धरून सांगतो, "डॉक्टर, ओठ पार जाड झालाय, हनुवटीपर्यंत काही कळत नाही." मी मशीन लावते आणि तो खुर्चीतून उडतो. मग दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतो. त्याला वाटतं, हिला इंजेक्शन देता येत नाही. आणि मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, हा नाटकं करतोय. आता इतकी वर्षं दाढा कोरल्यावर सांगते, बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं.

दुसऱ्या धाग्यावर सुईभित्रा यांनी विचारलं होतं की खालच्या दाढेला तीन-तीन इंजेक्शनं देऊनही का दुखतं. तिथे अवांतर होत होतं म्हणून हा वेगळा धागा.

वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं. दाताच्या मुळाशी, हिरडीबाहेर औषध सोडलं की ते हाडातून झिरपून आत पोचतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड मात्र जाड आणि घट्ट. तिथे औषध झिरपत नाही, म्हणून दातांची संवेदना नेणारी शीर (नर्व्ह) जबड्यात शिरते त्या तोंडाशीच, म्हणजे जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतल्या अंगाला औषध सोडावं लागतं. यालाच आम्ही 'ब्लॉक' म्हणतो. सुई दोन ते अडीच सेंटिमीटर आत जाते, ती जागा दिसत नाही, आणि प्रत्येकाच्या जबड्यात ते भोक किंचित वर-खाली असतं. पाठ्यपुस्तकांतही हा ब्लॉक १५ ते २० टक्के वेळा फसतो असं छापलेलं असतं. दाढेची नस, म्हणजे तिच्या आतला जिवंत गाभा, सुजून ठणकत असेल तर गणित आणखी बिघडतं. अशा दाढांवरच्या कित्येक अभ्यासांत एकट्या ब्लॉकचं यश निम्म्याच्याही खाली आलं आहे.

तरी आमच्यातले बरेच जण काय करतात? तेच इंजेक्शन, त्याच जागी, पुन्हा. ओठ बधिर झालाच नसेल तर ते ठीक, कारण औषध चुकीच्या जागी पडलंय. पण ओठ पूर्ण बधिर आहे आणि दाढ दुखतेय, तर औषध जागेवर पोचलेलं आहे. तिथेच आणखी ओतून फारसं काही हाती लागत नाही. तिथे वाट बदलायची असते. आणि वाटा बऱ्याच आहेत. कुणाला काय अनुभव आलेत ते लिहा, मी प्रतिसादांत एकेक घेते.

---

सुईभित्रा

धाग्यासाठी आभार! तीन इंजेक्शनांचा तो मीच. तिसऱ्यानंतर मला ऐकवलं गेलं, "आता दुखणं शक्यच नाही, तुमच्या मनात आहे." दाढ अर्धवट उघडून तात्पुरतं भरून घरी आलो. पुढची तारीख डोक्यावर आहे.

---

जुनीकवळी

निवृत्त दंतवैद्य, म्हणून थोडा इतिहास. ब्लॉक हे प्रकरण १८८४ सालचं. त्या सप्टेंबरात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीला न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड आणि हॉल यांनी कोकेन टोचून जबड्याची शीर बधिर केली. हॉलस्टेड स्वतःवर प्रयोग करता करता व्यसनात अडकले, हा त्यातला दुःखद भाग. मग प्रोकेन आलं, १९४३ मध्ये लोफग्रेन यांनी स्वीडनमध्ये लिडोकेन तयार केलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं. म्हणजे औषध दोनदा बदललं, पण सुई घालायची जागा आम्ही जवळपास तीच ठेवली. आमच्या वेळी 'दुसरी पद्धत' म्हणजे 'जरा जास्त औषध'.

---

साशंक

दाढवाली, एक शंका. नस सुजल्यावर भूल का चढत नाही याचं नेहमीचं उत्तर 'सुजेच्या जागी आम्ल वाढतं' असं असतं. पण ब्लॉक तर दाढेपासून लांब, निरोगी जागी देता ना? तिथे आम्ल कुठून आलं?

---

दाढवाली

@साशंक, अगदी नेमकं बोट ठेवलंत. हा प्रश्न मी परीक्षेत विचारला असता तर निम्मा वर्ग गारद झाला असता.

आम्लाचं गणित खरं आहे, पण सुजेच्या जागीच टोचलं तर. लिडोकेनचे जे रेणू भाररहित असतात तेच शिरेच्या वेष्टनातून आत जाऊ शकतात. शरीराच्या नेहमीच्या ७.४ सामूला (pH) असे रेणू शंभरात साधारण २४-२५ असतात. पू झालेल्या भागात सामू ६ पर्यंत उतरला तर जेमतेम एक. म्हणून गळवात टोचलेली भूल वाया जाते.

ब्लॉक फसण्याची कारणं मात्र वेगळी. एक, सुजलेल्या नसेतल्या वेदनातंतूंवर सोडियमच्या अशा वाहिन्या वाढतात ज्यांच्यावर लिडोकेनचा असर कमी होतो. दोन, बरेच दिवस ठणकलेल्या दाढेने मेंदूकडची यंत्रणा आधीच हुळहुळी करून ठेवलेली असते, एरवी जाणवणारही नाही असा इशारा तिथे ठणका होऊन पोचतो. आणि तीन, खालच्या दाढेला काही जणांत चोरवाटेनेही तंतू येतात. जिभेखालच्या स्नायूकडे जाणारी मायलोहायॉइड शीर ही त्यातली नेहमीची संशयित. ती मुख्य शिरेपासून ब्लॉकच्या जागेच्या वरच फुटते, त्यामुळे औषध तिला चुकवून जातं.

सुईभित्रा, यातलं एकही कारण 'मनात' नाही. ओठ बधिर म्हणजे दाढ बधिर हे समीकरणच कच्चं आहे. दाढेवर थंड फवाऱ्याचा बोळा ठेवून बघायचा. गार लागलं तर मशीन लावायचं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते होत नाही.

---

मुळापासून

मीही दंतवैद्य, रूट कॅनालच करतो. ती तिसरी चोरवाट लक्षात घेतली की गो-गेट्स पद्धतीचं महत्त्व कळतं. जॉर्ज गो-गेट्स हे ऑस्ट्रेलियाचे दंतवैद्य, त्यांनी ती १९७३ मध्ये मांडली. कल्पना साधी: फांद्या फुटल्यावर एकेकीच्या मागे धावण्यापेक्षा बुंध्याजवळच गाठायचं. सुई खूप वर, सांध्याखाली जबड्याच्याच हाडाची जी निमुळती मान असते तिला टेकवायची. कानासमोरच्या खाचेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची, सुई त्या रेघेला समांतर, आणि तोंडात वरच्या दुसऱ्या दाढेच्या टोकाची खूण. एका टोचणीत खालची मुख्य शीर, जिभेची, मायलोहायॉइड आणि बहुतेकदा गालाकडची शीरही जाते. शिवाय रक्तवाहिनीत सुई शिरण्याचं प्रमाण नेहमीच्या ब्लॉकमध्ये १० ते १५ टक्के सांगतात, इथे २ टक्क्यांच्या आसपास.

---

दाढवाली

@मुळापासून, सहमत, पण दोन गोष्टी राहिल्या आणि नवे लोक तिथेच फसतात. रुग्णाने तोंड आ वासून उघडं ठेवलं तरच सांध्याची ती मान पुढे सरकते. औषध सोडल्यावरही मिनिट-दोन मिनिटं तसंच ठेवायला लावायचं. दुसरं म्हणजे धीर. इथे शीर जाड असते आणि औषध तिच्यापासून थोडं लांब पडतं, त्यामुळे असर यायला ५ ते १० मिनिटं लागतात. तीन मिनिटांत मशीन लावून "गो-गेट्स चालत नाही" म्हणणारे मी पाहिलेत. (एकेकाळी आरशातही पाहिलेत.) आणि सुई हाडाला टेकलीच नाही तर औषध सोडायचं नाही. मागे घ्यायची, दिशा बदलायची.

---

अक्कलदाढ_पीडित

आणि तोंडच उघडत नसेल तर? माझी अक्कलदाढ सुजली तेव्हा एक बोट जेमतेम जात होतं. आ कसला वासणार!

---

मुळापासून

त्यासाठी वझिरानी-अकिनोसी. वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केली, म्हणून जोडनाव. दात मिटलेलेच ठेवायचे, गाल बाजूला ओढायचा आणि वरच्या शेवटच्या दाढांच्या हिरडीच्या कडेला समांतर सुई सरळ मागे न्यायची, साधारण २५ मिलिमीटर. वेदनेच्या शिरेबरोबर चावण्याच्या स्नायूंच्या शिराही सुस्तावतात, त्यामुळे आवळलेला जबडा काही मिनिटांत सैल होतो. नंतर हवं तर उघड्या तोंडाने दुसरं इंजेक्शन देता येतं.

तोटा एकच, पण मोठा: सुई हाडाला टेकत नाही. खोली अंदाजाने. फार मागे गेली आणि औषध कानाखालच्या लाळग्रंथीत पडलं तर चेहऱ्याची शीर झोपते, त्या बाजूचा डोळा काही तास मिटत नाही.

---

अक्कलदाढ_पीडित

बाप रे. काही तासच ना?

---

दाढवाली

हो, औषध उतरलं की परत येतो. तोवर डोळा कोरडा पडू नये म्हणून हाताने मिटायचा, पट्टी लावायची, लेन्स असेल तर काढायची. नेहमीच्या ब्लॉकमध्येही फार मागे गेलं की हे होऊ शकतं. एकदा माझ्याच हातून झालंय. तीन तास त्या बाईंशेजारी बसून होते. त्या शांत होत्या, घाम मला फुटला होता.

---

यंत्रमानव

मी दातातला नाही, यंत्रातला. एकाच दाताभोवती, पिस्तुलासारख्या अवजाराने कट्-कट् करत दिलेलं इंजेक्शन घेतलंय. ओठ जाड झाला नाही, दात मात्र लगेच गेला. हे कसं?

---

दाढवाली

ती दात आणि हाड यांच्यामधल्या दोरीतली, म्हणजे लिगामेंटमधली भूल. माझी आवडती, म्हणून जरा सविस्तर.

दात हाडात सिमेंटने रोवलेला नसतो, तो बारीक तंतूंच्या पाळण्यात टांगलेला असतो. हिरडीच्या खोबणीतून सुई त्या फटीत घट्ट बसवायची आणि दाबाने औषध ढकलायचं, एका मुळाला फक्त ०.२ मिलिलिटर. आख्खं कार्ट्रिज, म्हणजे औषधाची भरलेली नळी, १.८ चं असतं, त्यावरून किती कमी ते बघा. यंत्रमानव, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे औषध फटीतून खाली मुळाच्या टोकाकडे जातं हा समज चुकीचा. ते दाबाने शेजारच्या हाडाच्या भिंतीतल्या छिद्रांतून आतल्या जाळीदार हाडात शिरतं आणि तिथून मुळाशी पोचतं. खरं तर हे हाडातलंच इंजेक्शन आहे, फक्त मागच्या दाराने. म्हणून हाताला विरोध जाणवला पाहिजे आणि हिरडी पांढरी पडली पाहिजे. औषध सहज गेलं तर ते तोंडात सांडतंय, एवढाच त्याचा अर्थ.

असर लगेच येतो आणि लवकर उतरतोही, लांबलचक कामाला पुरत नाही. हिरडीत पू असेल तर द्यायचं नाही. दुधाच्या दाताखाली कायमचा दात घडत असेल तर त्याच्या एनॅमलवर डाग राहू शकतात, म्हणून तिथेही जपून. आणि ज्यांचं रक्त लवकर गोठत नाही, हिमोफिलिया वगैरे, त्यांना ब्लॉक देणं धोक्याचं, आत रक्त साचून श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा हेच इंजेक्शन विचारात घेते.

---

मुळापासून

मागच्या दाराऐवजी पुढच्या दाराने जायचं तर सरळ हाडाला बारीक भोक पाडून औषध आत. हिरडी आधी बधिर केलेली असते, त्यामुळे भोक पाडताना फक्त कंप जाणवतो. माझ्या हातात अडेलतट्टू दाढेला याच्याइतकं खात्रीचं काही नाही. पण औषधातलं ॲड्रेनलिन झटकन रक्तात जातं आणि छाती धडधडते. चार-पाच मिनिटांत थांबते, तरी आधी सांगितलं नाही तर रुग्णाला झटकाच आला असं वाटतं. हृदयाचा त्रास असेल तर ॲड्रेनलिन नसलेलं मेपिव्हाकेन वापरतो.

---

नाजूकसाजूक

धडधड वाचून आठवलं! मला भुलीची ॲलर्जी आहे. इंजेक्शन दिलं की छाती धडधडते, हात थरथरतात. तेव्हापासून मी भुलीशिवायच दात भरून घेते.

---

दाढवाली

@नाजूकसाजूक, भुलीशिवाय?! कृपा करून आधी तपासून घ्या. धडधड आणि थरथर हे बहुतेकदा ॲड्रेनलिनचं किंवा भीतीचं काम असतं. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं हे ॲलर्जीचं लक्षण. लिडोकेनच्या गटातल्या औषधांची खरी ॲलर्जी फार दुर्मिळ आहे. मात्र इथे वाचून ठरवू नका. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून चाचणी करून कागद घ्या आणि तो दंतवैद्याला दाखवा.

---

दोन_पिल्लं

टाळूचं इंजेक्शन कुणीच काढलं नाही. बाकी सगळं सोसेन, पण ते नको. आणि मुलांचं काय? माझ्या धाकटीने बधिर ओठ इतका चावला की दुसऱ्या दिवशी तो सुजून पांढरा झाला होता.

---

दाढवाली

टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागाच नाही. दुखणं सुईचं कमी आणि दाबाने कातडी ताणल्याचं जास्त. म्हणून उपाय वेगाचा. १९९७ पासून संगणकाने वेग सांभाळणारी यंत्रं मिळतात, 'द वाँड' हे त्यातलं जुनं नाव, दिसतं पेनसारखं. त्यांच्याबरोबरच टाळूवरची एक नवी जागा पुढे आली, दोन उपदाढा (सुळ्यामागचे दोन दात) आणि टाळूची मधली शिवण यांच्या बरोबर मध्ये. मिनिटाला अर्धा मिलिलिटर अशा मुंगीच्या पावलांनी औषध सोडलं की एका टोचणीत त्या बाजूचे पुढचे दात उपदाढांपर्यंत बधिर होतात, आणि वरचा ओठ मोकळा राहतो. पुढच्या दातांचं काम करताना रुग्णाला हसायला लावून आकार बघता येतो, हा फायदा लहान नाही.

यंत्र नसेल तर? बोटाने किंवा आरशाच्या दांड्याने शेजारी घट्ट दाबून धरायचं आणि सावकाश द्यायचं. दाबाचा संदेश वेदनेच्या संदेशाला वाटेत अडवतो. मेलझॅक आणि वॉल यांचा १९६५ चा 'फाटका'चा सिद्धांत तो हाच. गाल हलवत इंजेक्शन देणारे डॉक्टर तुम्ही पाहिले असतील, तेही याचसाठी.

धाकटीचा ओठ आठवड्याभरात भरून येतो. तो पांढरा थर पू समजून खरवडायचा नाही. मुलांच्या खालच्या दाढांना मी जमेल तिथे ब्लॉक टाळते आणि हिरडीबाहेरून आर्टिकेन हे भुलीचं औषध देते. ते हाडातून बरं झिरपतं. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र देत नाही. आणि वजन विचारल्याशिवाय मुलाला टोचायचं नाही. लिडोकेनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम औषध असतं. लहान मुलांसाठी मर्यादा किलोला ४.४ धरली, तर २० किलोच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच कार्ट्रिजसुद्धा नाही. 'आणखी एक देऊ' हे मोठ्यांत खपून जातं, पोरांत नाही.

---

जुनीकवळी

आर्टिकेनचा विषय निघालाच आहे तर माझा आक्षेप नोंदवतो. १९७६ पासून जर्मनीत वापरात, अमेरिकेत २००० मध्ये परवानगी, सगळं मान्य. पण ते ४ टक्क्यांचं, लिडोकेनच्या दुप्पट. ब्लॉकमध्ये वापरल्यावर जीभ कित्येक आठवडे बधिर राहिल्याच्या नोंदी आहेत.

---

मुळापासून

त्या नोंदींवरून दोष औषधाचा की सुईचा, हा वाद मिटलेला नाही. मी तरी धंदा सोपा ठेवलाय: ब्लॉक लिडोकेनचा, आणि दाढेच्या गालाकडच्या बाजूला जोडीला आर्टिकेन. ब्लॉक अर्धवट राहिला की माझं पहिलं पाऊल हेच. दाढवालींना लिगामेंट प्रिय, मला हे.

---

दाढवाली

भांडण मान्य. :) पण मुद्दा एकच आहे, तुम्हीही दुसरा ब्लॉक देत नाही!

---

साशंक

आणि सगळंच फसलं तर?

---

मुळापासून

नस उघडी पडली असेल तर थेट नसेत. छिद्रात सुई घट्ट बसवून दाबाने. एक क्षण ब्रह्मांड आठवतं, मग काम निवांत. काम करतो तो मुख्यतः दाब, औषध जवळपास नावालाच. पण त्याला मी उपाय म्हणत नाही, माफी मागून करायची गोष्ट म्हणतो.

---

सुईभित्रा

सुईच नको अशी काही सोय नाही का हो? नाकात फवारा मारून दात बधिर करतात असं कुठेतरी वाचलं.

---

दाढवाली

तसा फवारा आला होता, टेट्राकेन आणि ऑक्सिमेटाझोलिनचा, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला. पण फक्त वरच्या पुढच्या दातांसाठी, उपदाढांपर्यंत. तुमची खालची दाढ त्याला ओळखतही नाही.

तुम्ही असं करा. जाल तेव्हा पहिल्याच मिनिटाला सांगा, "मागच्या वेळी ओठ बधिर झाला होता पण दाढ नाही." हे वाक्य ऐकलं की जाणता डॉक्टर वाट बदलतो. पोटाचा, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर तासभर आधी आयब्युप्रोफेन घेण्याबद्दल विचारा, सुजलेल्या नसेत त्याने ब्लॉकला मदत होते. तुमची औषधं त्यांना माहीत हवीत, म्हणून परस्पर घेऊ नका. आणि हात वर केला की थांबायचं, हे आधी ठरवून घ्या.

---

सुईभित्रा

जाऊन आलो!! डॉक्टर बदलले. ते वाक्य जसंच्या तसं म्हणालो. त्यांनी ब्लॉक दिला, दहा मिनिटं थांबले, थंड बोळा ठेवला. मला कळ आली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि दाढेच्या मुळांपाशी पुढून-मागून दोन बारीक टोचण्या दिल्या, ते कट्-कट् वालं. परत बोळा. काहीच नाही. हात वर करायची वेळच आली नाही, उलट मध्येच डोळा लागला. फक्त आज चावताना ती दाढ इतरांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटतेय. काही बिघडलंय का?

---

दाढवाली

नाही, पाळणा दाबाने जरा सुजलाय. दोन-तीन दिवस दुसऱ्या बाजूने चावा. आठवड्यानंतरही उंच वाटली तर भरलेलं सिमेंट घासून घ्यायला जा.